पश्चिम भिंतीच्या नऊ काचा

६ ऑक्टोबर, सोमवार

आज मोठ्या घरात, वाचनालयाच्या दालनातल्या पश्चिमेच्या भिंतीवर नऊ काचा बसवल्या. सकाळभर मान वर करून उभी होते, आता मान खाली यायला तयार नाही.

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "काय चिकटवत होतीस गं दिवसभर?" खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीतून ते सगळं बघत होतेच, पण वाचनालयात शूबाईंच्या धाकाने कुणाची बोलायची छाती होत नाही. (ग्रंथपालबाईंना हे नाव मी ठेवलंय. त्या शिंकणाऱ्यालाही 'शू' करतात.) मग चहा पिताना नीट समजावून सांगितलं. भिंतीला जमिनीपासून तुळईपर्यंत भेग आहे. ती जुनी, थांबलेली आहे की अजून वाढतेय हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून भेगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे पीओपीचे दोन गोळे लावायचे आणि त्यांच्यावर काचेची पट्टी आडवी बसवायची, दहा सेंटिमीटर लांब, अडीच रुंद. भिंत जरा जरी सरकली तरी काच तडकते. गोळा ओला असताना त्यात खिळ्याने नंबर आणि तारीख कोरायची. मग रोज चार वाजता मी नोंदवही घेऊन जायचं आणि एकेका काचेपुढे लिहायचं, धड की फुटकी.

"आणि फुटली तर?"

"एखादी फुटली तर फुटली. तीन फुटल्या तर त्याच दिवशी दालन रिकामं करायचं. इमारत तपासणाऱ्या तज्ज्ञबाईंनी तसं लेखी दिलंय."

"काच किती जाडीची?"

"दोन मिलिमीटर."

"म्हणजे फोटोचीच की," अप्पा म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी फोटोंच्या चौकटी केल्या. जगातली कुठलीही वस्तू दाखवा, शेवटी ते तिला चौकटीत बसवून बघणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नऊही धड.

कार्यालयातून आमच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, सहा महिने बंद ठेवू या ना मोठं घर. तुमचं काम पण पटापट होईल आणि आम्हालाही घोर नाही."

मी नाही म्हटलं. साहेब नवीन आहेत, त्यांना टपालघराचं माहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी जुन्या टपालघराच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे होतं. 'सहा महिने बंद' या कागदावर माझीच सही आहे. ते सहा महिने अजून चालू आहेत. छतातून झाड वर आलंय. दारावरचं कुलूप गंजलं म्हणून मधे नवं कुलूप लावलं, तेवढीच काय ती दुरुस्ती झाली. रिकाम्या इमारतीसाठी कुणी भांडत नाही, हे मी तिथे शिकले.

मोठ्या घरात माणसं आहेत. ज्या घराण्याने ते बांधलं त्यातलं आता कुणी उरलेलं नाही, पण खालच्या दालनात वाचनालय आहे, वरच्या मजल्यावर जन्ममृत्यूची नोंदणी, पूर्वेच्या खोलीत मुलांचा गाण्याचा वर्ग. आणि आमचे अप्पा. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला दिवसभर घरी एकटं ठेवता येत नाही. मागे गॅसवर दूध ठेवून फिरायला निघून गेले होते. म्हणून सकाळी माझ्याबरोबर येतात आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परत जातात. दीड ते दोन शूबाई दालन बंद करून जेवायला जातात, तेव्हा अप्पांना तेवढं आत बसून डबा खाऊ देतात. ही मेहेरबानी दुसऱ्या कुणावर नाही.

तर कामही चालेल आणि घरही चालेल. मी असेपर्यंत या दाराला कुलूप लागणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तीन नंबर फुटली. मधोमध, सरळ.

मिस्त्री म्हणाले, "होतं ताई, एखादी फुटते." मिस्त्री म्हणजे आमचे चुन्याचे कारागीर, साठी उलटलेले. तीस वर्षांपूर्वी कुणा शहाण्याने या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला आणि आतली ओल आतच कोंडून टाकली. ते सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा, हे आमचं काम. चुना ओल बाहेर येऊ देतो. मिस्त्री खरवडतात आणि त्या शहाण्याला शिव्या घालतात, शूबाईंना ऐकू जाणार नाहीत अशा बेताने.

घरी येऊन रडले. अप्पांसमोर रडायचं नव्हतं, पण चप्पल काढताकाढताच बांध फुटला. "अजून दोन फुटल्या की संपलं," असं काहीबाही बोलत सुटले. "पुन्हा टपालघर होणार. या वेळी मला नाही सहन व्हायचं हो अप्पा." त्यांनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बाकी आठ धड. आज जरा जेवण गेलं.

घरी मात्र वेगळाच उद्योग. बाहेरच्या खोलीतला माझा शाळेचा फोटो बिनकाचेचा दिसला. "फुटली," अप्पा म्हणाले. "हातातून पडली." तुकडे कुठे दिसले नाहीत. विचारलं तर पेपरात तोंड घातलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज फार दिवसांनी आनंद झाला. आठ धड आहेतच, शिवाय चार आणि पाच नंबरचे गोळे हाताला गार आणि ओलसर लागले! म्हणजे सिमेंट निघालं तशी भिंत घाम सोडायला लागली. तीस वर्षं कोंडलेली ओल वाट मिळेल तिथून बाहेर येतेय. आपला उपाय बरोबर आहे याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

मिस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी आधी गोळ्याला हात लावला, मग शेजारच्या भिंतीला. "ताई, भिंत कोरडी आहे. गोळाच तेवढा ओला आहे."

मी त्यांना ओल कशी सरकते ते समजावून सांगितलं. ते "बरं" म्हणाले. मिस्त्रींचं 'बरं' म्हणजे 'पटलं नाही', हे आता मला कळतं. पण तज्ज्ञबाईंना मी आजच पत्र पाठवलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

तज्ज्ञबाई येऊन गेल्या. बाई म्हणजे करवत. बोलतात कमी, पण कापतात. नोंदवही चाळली, काचा एकेक करून पाहिल्या. मग भेगेसमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की मला घाम फुटला.

"तीन आठवड्यांत एकच?"

"एकच."

"मला वाटलं होतं, जास्त फुटल्या असतील. पण काच काही खोटं बोलत नाही. चालू ठेवा."

४ नोव्हेंबर, मंगळवार

अप्पांचं काही खरं नाही. हे लिहितानाही हात जड होतोय.

दादाच्या लग्नाचा फोटो, काच नाही. वहिनीच्या माहेरच्या मंडळींचा फोटो, काच नाही. आत्याचा तर चौकटीसकट गायब, तो पलंगाखाली सापडला. अप्पांच्या बोटांवर कापल्याच्या खुणा आहेत, जुन्या आणि नव्या. शर्टाच्या बाहीला पांढरी पूड लागलेली असते. विचारलं तर म्हणतात, दाढीची पावडर. पावडर ते वापरतच नाहीत.

साहेबांकडून अर्धा दिवस रजा घेतली. कारण सांगावं लागलं, वडिलांच्या आता काही लक्षात राहत नाही म्हणून. डॉक्टरांनी अप्पांना घड्याळ काढून दाखवायला सांगितलं. अप्पांनी फूटपट्टी मागितली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. डॉक्टर पोरसवदा आहेत, त्यांना काय कळणार.

दादाला फोन केला. तो दूर राहतो, त्याच्याकडे जागा नाही, हे दर वेळी आधी सांगून घेतो. "तुझ्याच्याने होत नसेल तर तसं सांग. इथे जवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे, जानेवारीत जागा मिळतेय. काचा फोडायला लागलेत म्हणजे उद्या स्वतःला काहीतरी करून घेतील." मी म्हटलं, बघू. 'नाही' म्हणाले नाही. ते मला आतून खातंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

सहा नंबर फुटली.

दोन झाल्या. काय लिहू? वाचनालयात कुणाच्या हातून पुस्तक पडलं तरी माझ्या काळजात चर्र होतं. आता सगळं एका काचेवर आलंय.

दालनाचं दारही घासायला लागलंय, जोर लावल्याशिवाय लागत नाही. हवा दमट असेल. सुताराला बोलावून रंधा मारून घेतला.

अप्पा संध्याकाळी म्हणाले, "काळजी नको करू, मुकादम. तिसरी नाही फुटायची." मला ते लहानपणापासून मुकादम म्हणतात, सगळ्यांवर हुकूम सोडते म्हणून. इतकं ठामपणे म्हणाले की क्षणभर मलाही धीर आला. मग आठवलं, बोलणारा माणूस आत्याला पलंगाखाली ठेवणारा आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सात धड. दाराला पुन्हा रंधा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकले!

आज मोठ्या घराच्या देखभाल समितीची बैठक होती. साहेबांनी बंदचा प्रस्ताव टाइप करूनच आणला होता. मी नोंदवही पुढे ठेवली. शेहेचाळीस दिवस, नऊ काचा, फुटल्या फक्त दोन. तज्ज्ञबाईंचा अहवाल होता, त्याला माझं ओलीचं पत्रही जोडलेलं. समितीवरच्या एका आजोबांनी नोंदवही हातात घेऊन पानं उलटली आणि म्हणाले, "इतकं नेटकं काम हल्ली बघायला मिळत नाही." घर चालू राहणार. बंदचा प्रस्ताव साहेबांनी घडी करून खिशात घातला.

पुढच्या शनिवारी, एकोणतीसला, गाण्याच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम आपल्याच दालनात होणार, हेही लगेच ठरलं. साठ मुलं आणि त्यांचे आईबाप. घर भरलेलं दिसलं पाहिजे सगळ्यांना.

अप्पांना सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "चला, सुटलो." मला वाटलं, माझ्यासाठीच म्हणाले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण माझा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही.

साडेअकराला, नेहमीच्या वेळेच्या आधी, मिस्त्रींना वरचा गिलावा दाखवायला दालनात गेले. सात नंबर फुटलेली होती. स्वच्छ दिसत होती. तडा तिरपा गेला होता आणि दोन तुकड्यांमध्ये फट होती. मिस्त्री शिडी आणायला बाहेर गेले होते, त्यांनी पाहिली नाही. मी त्यांना काहीतरी थाप मारून परत पाठवलं आणि वर जाऊन तज्ज्ञबाईंना फोन लावला. त्या उचलत नव्हत्या.  चार वाजेपर्यंत नोंदणीच्या बाकावर जन्माचे दाखले घ्यायला आलेल्या लोकांत बसून राहिले.

चार वाजता नोंदवही घेऊन खाली गेले. सात नंबर धड होती.

गोळ्यावर सहा ऑक्टोबरची तारीख. काच अखंड. बोट फिरवून पाहिलं. गोळा ओला होता.

मी 'धड' लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते? मला वेड लागतंय का? अप्पांचं जे होतंय ते घराण्यात असतं का?

२६ नोव्हेंबर, बुधवार

दालनाच्या वर सज्जा आहे, तिथे जुन्या पेपरांचे गठ्ठे ठेवतात. आज एक वाजल्यापासून तिथे बसले. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

दीड वाजता शूबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. आत अप्पा एकटे. त्यांनी डबा चार घासांत संपवला, हात पुसले, खिशातून भिंग काढलं. मग भिंतीजवळ जाऊन खालून वर एकेक काच तपासत गेले, मी तपासते तशीच, फक्त जास्त सावकाश. आठ नंबरपाशी थांबले. पुस्तकांची चाकाची शिडी ढकलत आणली, चाकाखाली पुठ्ठ्याची पाचर मारली आणि वर चढले.

मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते आणि दचकून पडले असते तर? मी गठ्ठ्याची दोरी मुठीत धरून बसले.

त्यांनी फुटकी काच सुरीने उचकटून रुमालात घेतली. डब्याच्या झाकणात पीओपी कालवलं. नवी पट्टी ओठांत धरली होती, ती बसवली, खिळ्याने नंबर कोरला, तारीख कोरली, वर फुंकर मारली. खाली उतरून सांडलेली पूड हाताने गोळा केली. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी आणि मिस्त्री मिळून करतो त्यापेक्षा चांगलं काम होतं.

मी खाली गेले. "अप्पा."

ते दचकले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आज लवकर?"

"किती काचा बदलल्यात?"

"आजची धरून बारा."

"का?"

"तूच म्हणालीस ना, तीन फुटल्या की संपलं. मग मी तिसरी फुटू दिली नाही."

"आणि सहा नंबर? ती तर फुटकीच आहे."

"ती मुद्दाम ठेवली. बाकीच्या सगळ्या धड राहिल्या असत्या तर तुला संशय आला असता, मुकादम."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चाकाखालची पाचर काढली आणि शिडी जागेवर नेऊन ठेवली. दोन वाजत आले होते, लोक यायला लागले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अप्पांनी सकाळी हत्यारांच्या पेटीतून बारा पुड्या काढून दिल्या. पेपरात बांधलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. काचेचा नंबर, तारीख, आणि दोन तुकड्यांत किती फट पडली होती त्याचं माप. "माप लिहिल्याशिवाय काम हातात घ्यायचं नाही, ती सवय," म्हणाले. काचा फोटोंच्याच. "हात थरथरतो आता. चार कापाव्या तेव्हा एक धड निघते, म्हणून इतके फोटो लागले." आईचा फोटो तेवढा त्यांनी शिवला नव्हता.

सात नंबरच्या चार पुड्या ओळीने मांडल्या. बावीस ऑक्टोबर, एक मिलिमीटर. तीन नोव्हेंबर, दीड. चौदा नोव्हेंबर, दोन. पंचवीस नोव्हेंबर, तीन.

प्रत्येक वेळी जास्त. सात आठवड्यांत साडेसात मिलिमीटर भिंत सरकली, आणि मी वहीत 'धड' लिहीत होते. दार घासत होतं, मी त्याला रंधा मारत होते. मिस्त्रींनी तोंडावर सांगितलं, तर त्यांना ओल शिकवली. रोज चार वाजता मी काचेकडे बघत होते. भेग तिच्यामागेच होती, पण भेगेकडे बघायचं सोडून दिलं होतं मी, काच आहे ना म्हणून.

आता खरं लिहिते, कारण ही वही कुणी बघणार नाही. दुपारभर मनात एकच चाललं होतं, शनिवार निघून जाऊ दे. एवढे दिवस उभी राहिली, अजून दोन दिवस नाही राहणार? कार्यक्रम झाला की सोमवारी लिहीन 'फुटली'. मंगळवारी अजून एक. अप्पांचं नाव नको, माझी नोंदवही खोटी ठरायला नको. पुड्या नदीत टाकल्या की कुणाला कळणार आहे? नंतर रीतसर बंद करू, रीतसर उघडू. हे मी लिहितेय, जिने टपालघर बघितलंय.

साडेचारला दालनात रंगीत तालीम चालू होती. गाण्याच्या बाई बाकं लावून घेत होत्या. "छोटा गट इकडे या, भिंतीला टेकून बसा, म्हणजे पडणार नाही." पश्चिमेच्या भिंतीला. पाच-सहा वर्षांची दहा-बारा पोरं येऊन टेकून बसली. एकाने डोक्यामागच्या दोन नंबरच्या काचेवर नखाने टकटक केलं.

मी म्हटलं, "बाई, यांना आत्ताच्या आत्ता बाहेर न्या." आवाज माझा वाटला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रीपासून दालन बंद. सकाळी दहाला तज्ज्ञबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, आणि तेच जास्त झोंबलं. एक वाजता त्या आल्या. मिस्त्रींनी तुळईच्या टोकाशी गिलावा फोडला. तुळईचं टोक भिंतीत चांगलं वीतभर टेकलेलं असायला हवं. दोन बोटं उरलं होतं. भिंत बाहेर सरकली होती आणि वरचा अख्खा मजला त्या दोन बोटांवर बसला होता.

 वर नोंदणीच्या खोलीत लोक होते. शूबाईंनी जिन्याखाली उभं राहून मोठ्याने ओरडून त्यांना खाली उतरवलं. एवढा मोठा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. पाचपर्यंत मिस्त्रींनी अकरा टेकू लावले.

जाताना तज्ज्ञबाई म्हणाल्या, "तुमचं ओलीचं पत्र माझ्या अहवालाला जोडलंय. म्हणजे आता माझाही अहवाल खोटा. तुमचं नाव मी कामावरून काढायला सांगणार आहे." मग थोडं थांबून, "त्या पुड्या मात्र जपून ठेवा. या इमारतीची खरी नोंद तेवढीच आहे."

२९ नोव्हेंबर, शनिवार

फाटकाशी उभी राहून मुलांना परत पाठवलं. नटूनथटून आली होती. एक आई म्हणाली, "कालपर्यंत तर ठीक होतं ना सगळं?" मी हो म्हटलं.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी दादाला फोन केला, अप्पांचं डोकं शाबूत आहे, चूक माझी होती. तो म्हणाला, "छान झालं. पण मग आता ते दिवसभर बसणार कुठे?"  जानेवारीतली जागा त्याने सोडलेली नाही.

अकराला कार्यालयात बोलावणं होतं. साहेब, समितीवरचे आजोबा, तज्ज्ञबाई. अप्पा हट्टाने बरोबर आले. मी नोंदवही आणि बारा पुड्या टेबलावर ठेवल्या आणि घडलं ते सांगितलं.

साहेबांनी पुड्यांना हातही लावला नाही. "मॅडम, वडिलांना मधे कशाला आणताय? नोंदी तुम्ही खोट्या केल्या, तुमची चूक, तुम्ही मान्य करा, विषय संपला. तुम्हीच मला सांगितलं होतंत ना, यांच्या काही लक्षात राहत नाही म्हणून? ब्याऐंशी वर्षांचा माणूस शिडीवर चढून असलं काम करतो, हे कुणी मानेल का?"

मी खाली बघत होते. माझेच शब्द होते ते. अप्पांच्या देखत.

अप्पा उठले. साहेबांच्या खुर्चीमागे त्यांचा सत्काराचा फोटो टांगला होता. अप्पांनी तो काढून टेबलावर पालथा ठेवला, मागचे खिळे वाकवले, काच बाहेर घेतली. "अहो, अहो," साहेब म्हणाले, तोवर अप्पांनी खिशातलं हिऱ्याचं कापणं काढलं होतं. फूटपट्टी मागितली नाही. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. काचेला टेकला आणि थांबला. दोन रेघा, एक बारीक आवाज, काठावर दाबून कट् कट्. पट्टी त्यांनी साहेबांपुढे सरकवली.

"मोजा."

साहेबांनी मोजली नाही. आजोबांनी मोजली. ड्रॉवरमधून फूटपट्टी काढून आधी लांबी, मग रुंदी. पुन्हा एकदा मोजली. "दहा," ते म्हणाले. "आणि अडीच."

माझी नोकरी जात होती, घराला कुलूप लागत होतं, आणि मला इतका अभिमान वाटला की मी चक्क हसले. तज्ज्ञबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

मग साहेबांनी आदेश लिहिला. मोठं घर पुढील सूचनेपर्यंत बंद. किती महिने, ते लिहिलेलं नाही. कामावरून माझं नाव कमी. दाराला कुलूप लावल्याच्या कागदावर सही माझीच हवी होती. मी सही केली.

बाहेर पायऱ्यांवर अप्पा थांबले. "माझ्यामुळे झालं ना गं सगळं?"

"नाही. तुमच्या पुड्या नसत्या तर शनिवारी मी ती पोरं त्या भिंतीला टेकवून बसवली असती."

त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

"नेहमीच्याच वेळेला," मी म्हटलं. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.